पश्चिमेच्या खिडक्या, एक कूलर आणि चार महिने चाललेले पडदे

नागपूर, दुसरा मजला, दोन बेडरूमचा फ्लॅट. हॉलची सहा फुटी खिडकी आणि आमची बेडरूम पश्चिमेला, लेकीची खोली उत्तरेला. शिलाई मशीन आईचं, पायानं चालवायचं. मला ब्लाउज येत नाही, सरळ शिलाई येते. पडद्यांना तेवढी पुरते, असं वाटलं होतं.

११ फेब्रुवारी २०२४, रविवार

जुने पडदे धुवायला काढले आणि हॉलचा एक हातातच फाटला. शिवणीवर नाही, मधोमध. काचेकडची बाजू उन्हाने इतकी कुजली होती की बोट आरपार गेलं. बारा वर्षं झाली होती, तक्रार नाही.

लगेच टेपने खिडकीची चौकट मोजली, ७२ इंच रुंद, ५४ इंच उंच, आणि संध्याकाळी दुकानातून तयार पडदे आणले. मरून रंगाचे, चार नग, प्रत्येकी ३५० रुपये. पाकिटावर ‘खिडकी, ५ फूट’ लिहिलं होतं. माझी खिडकी साडेचार फुटी, म्हणजे बसतील.

बसले नाहीत. पडदा चौकटीवरून नाही, रॉडवरून लटकतो, आणि रॉड चौकटीच्या वर असतो, हे घरी येऊन स्टुलावर चढल्यावर सुचलं. पडदा खिडकीच्या कट्ट्यापर्यंत जेमतेम पोचला. लेक म्हणाली, “आई, वाढत्या पोराची पँट दिसते.” रंगाचंही तेच. दुकानातल्या पांढऱ्या दिव्यात मरून होता, घरी पाच वाजताचं ऊन मागून आल्यावर विटेसारखा भगवट दिसायला लागला. पाकीट फोडलेलं, म्हणून दुकानदार परत घेईना. १,४०० रुपये गेले.

१७ फेब्रुवारी, शनिवार

रॉड आणायला हार्डवेअरच्या दुकानात गेले. तिथल्या भाऊंनी पहिलाच प्रश्न विचारला, “कापड घेतलं का ताई?” नाही म्हटल्यावर म्हणाले, “बरं केलं. आधी रॉड ठोका न, मग त्याच्यावरून माप घ्या. लोक कापड घेऊन येतात अन् मग रॉड वरखाली करून राहतात.”

रॉड चौकटीपेक्षा दोन्ही बाजूंनी आठ-आठ इंच जास्त घ्यायचा. पडदा उघडला की त्याचा गोळा भिंतीवर जाऊन बसतो, काच मोकळी राहते. बंद केला की कडेने ऊन कमी शिरतं. त्या हिशेबाने हॉलला ८८ इंच, आमच्या खोलीला ७६, लेकीच्या खोलीला ६४. मिळून १९ फूट, एक इंच जाडीचा स्टीलचा रॉड, ६० रुपये फूट. पाऊण इंचाचा स्वस्त होता, पण हॉलच्या लांबीला तो मध्ये झोल खाईल म्हणाले. ब्रॅकेट सात, ७० चा एक. हॉलला मध्ये तिसरा ब्रॅकेट लागतोच. त्या मधल्या ब्रॅकेटच्या पलीकडे पडद्याची कडी जात नाही, तेव्हा हॉलचे पडदे डावीकडे दोन आणि उजवीकडे दोन असे कायमचे वाटले गेले. एकूण १,६३० रुपये.

२५ फेब्रुवारी, रविवार

अख्खा रविवार तीन भोकांत गेला.

चौकटीच्या चार इंच वर खूण केली. ड्रिल प्लास्टरमध्ये अर्धा इंच गेलं आणि थांबलं. जोर लावला तर बिट घसरलं आणि प्लास्टरचा रुपयाएवढा पोपडा खाली आला. दुसरं बिट लावलं, ते टोकाला निळं पडलं. नवऱ्याचं म्हणणं, मशीन जुनं झालं. शेजारच्या काकांनी येऊन भिंतीवर हातोडीच्या दांड्याने ठोकून दाखवलं. खाली भरीव आवाज, वर थोडा पोकळ. “लिंटेल आहे तो. सिमेंट-सळईचा. साध्या ड्रिलने जन्मात जायचं नाही.”

खिडकीच्या डोक्यावर काँक्रीटची आडवी तुळई असते, आमच्याकडे ती सहा इंच उंच निघाली. दोन वाटा होत्या. हॅमरचं ड्रिल भाड्याने आणायचं, नाहीतर लिंटेलच्या वर विटेत जायचं. मी विटेत गेले. चौकटीच्या आठ इंच वर, जमिनीपासून ९२ इंचांवर. तिथे बिट लोण्यात गेल्यासारखं गेलं. प्लास्टिकची गिट्टी ठोकली, स्क्रू पिळले, दहा मिनिटांत रॉड वर. रॉड उंच गेल्याने खोलीही उंच दिसते, हा फायदा आयताच मिळाला.

खिडकीच्या बाजूला स्विचबोर्ड असेल तर त्याच्या सरळ वर भोक पाडू नका, वायरचा पाइप बहुधा तिथूनच उभा गेलेला असतो. लेकीच्या खोलीत त्यामुळे ब्रॅकेट दोन इंच सरकवला. बिटं, गिट्ट्या, स्क्रू, आणि नंतर लागलेला दोरा-सुया धरून ४०० रुपये.

३ मार्च, रविवार

आज फक्त मापं, कागदावर. हॉलचंच लिहिते.

रॉड ८८ इंच. चुण्या नीट पडायला कापड दुप्पट, म्हणजे १७६ इंच. पडद्याच्या कापडाचा पन्हा, म्हणजे रुंदी, ४८ इंच, दोन्ही कडा दुमडून उरतात ४५. १७६ भागिले ४५, म्हणजे चार पाट, एका पन्ह्याचा एक. उंची: जमिनीपासून अर्धा इंच वर ठेवून आणि कड्यांच्या वर येणारा काठ धरून तयार पडदा ९३ इंच. वर बकरमसाठी (वरचा काठ ताठ ठेवणारी कडक पट्टी) ४ आणि खाली घडीसाठी ५, कापायची लांबी १०२. चार पाटांचे ४०८ इंच, म्हणजे साडेदहा मीटर.

यात एक चूक आहे. मला ती २३ तारखेला कळली.

९ मार्च, शनिवार

गांधीबागेतल्या कापडबाजारात गेले. सकाळी अकराला पोचले, गर्दी व्हायच्या आत. मोठ्या फुलांचं एक कापड फार आवडलं होतं. दुकानातल्या काकांनी स्वतःच सांगितलं, फूल दर दोन फुटांनी परत येतं, चारी पाटांवर ते एका रेषेत आणायचं तर प्रत्येक पाटामागे कापड वाया जाणार. नको म्हटलं. बारीक उभ्या रेघांचं बदामी सुती कापड घेण्याचं ठरलं, २१० रुपये मीटर.

ठरलं, पण घेतलं नाही. वीतभर तुकडा मागून आणला, खिडकीला चिमट्याने लावला. दुपारी चारला पाहिला, रात्री दिवे लावून पाहिला, आणि एकदा खाली रस्त्यावर जाऊन वर बघितलं. मरूनने शिकवलेलं. रात्री आत दिवा असताना बाहेरून माणूस हलताना अंधुक दिसत होता, ओळखू येत नव्हता. हॉलला तेवढं चालतं. दुसऱ्या दिवशी साडेदहा मीटर आणलं, २,२०५ रुपये.

तिथेच दोन्ही बेडरूमसाठी ब्लॅकआउटचं कापड घेतलं, मागून रबरासारखा पांढरा लेप असलेलं, ५४ पन्ह्याचं, ३४० रुपये मीटर. साडेदहा मीटर, ३,५७०. लेकीच्या खोलीची खिडकी उत्तरेला, तिथे ऊन येतच नाही. तरी दोन्ही खोल्या सारख्या दिसाव्यात म्हणून घेतलं. का, ते आता मलाही सांगता येत नाही.

१६ मार्च, शनिवार

हॉलचे चारी पाट कापले, एक शिवून पूर्ण केला. अडीच तास लागले. वेळ शिलाईत जात नाही, कापड काटकोनात सरळ करण्यात जातो. नऊ फूट कापड जमिनीवर पसरून गुडघ्यांवर रांगायचं. शेवटी फरशीची रेघ धरली, ती एकटीच सरळ होती.

वर चार इंची बकरम घालून घडी घातली. आता कड्या. प्लास्टिकच्या, दोन चकत्या एकमेकींत दाबून बसवायच्या, ७ रुपयांना एक, ९० आणल्या, ६३० रुपये. पुठ्ठ्याचा साचा करून गोल आखले, कापले, नऊ कड्या बसवल्या आणि कौतुकाने रॉडवर चढवला.

पहिली चुणी भिंतीकडे, शेवटची खोलीकडे. एक कड भिंतीला टेकलेली, दुसरी वाघळाच्या कानासारखी बाहेर आलेली. कड्या सम हव्यात. आठ असल्या तर दोन्ही कडा भिंतीकडे वळतात. पाडलेलं भोक बुजत नाही. तो पाट मी डावीकडे आतल्या बाजूला टाकला आहे, दुसऱ्या पाटाच्या आड झाकला जातो. बाकीच्यांचं गणित: ४५ इंचांतून दोन्ही टोकांना दोन-दोन इंच सोडून उरतात ४१, त्याला सातने भागायचं. पावणेसहाच्या किंचित वर एक भोक. भोकं आठ असली तरी मधल्या जागा सातच, यातही एकदा चुकणार होते.

२३ मार्च, शनिवार

उद्या होळी. शिवलेल्या पडद्यावर हळदीचा हात लागला म्हणून तो एकटा धुतला. वाळल्यावर लावला तर जमिनीपासून चार इंच वर. मोजला, ९३ चा साडेएकोणनव्वद झाला होता. कापड साडेतीन इंच आटलं.

सुती कापड पहिल्या धुण्यात आटतं, हे मला माहीत होतं. सलवारचं कापड मी कायम भिजवूनच शिवायला देते. पडद्याच्या बाबतीत मात्र डोकं चाललं नाही, कारण पडदा म्हणजे ‘कापड’ वाटलंच नाही, ‘सामान’ वाटलं. आणि बाकीचे तीन पाट बिनधुतलेच कापून ठेवलेले.

तिन्ही बादलीत भिजवले, वाळवले. १०२ चे ९८ झाले. खालची पाच इंची घडी उसवून दीडची केली असती तर लांबी निघाली असती, एकावर करूनही पाहिलं. पण पडदा सरळ पडतो तो त्या घडीच्या वजनाने. बारीक काठावर तो पंख्याच्या वाऱ्याने फडफडायला लागला, परकरासारखा. शेवटी ते नाकारलेले मरून पडदे काढले, त्यांच्या लांब पट्ट्या फाडल्या आणि चारी पाटांना खाली दुहेरी मरून काठ लावला. ते कापड पॉलिस्टरचं, वजनदार, आटत नाही. बदामी पडद्याला मरून काठ पाहून येणारे जाणारे विचारतात, ही डिझाइन कुठली. मी सांगत नाही.

९ एप्रिल, गुढीपाडवा

पहाटे पाचपर्यंत शेवटचा काठ शिवत होते. गुढी उभारायच्या आत हॉलचे चारी पडदे लागले. सासूबाईंनी हात फिरवून पाहिला आणि म्हणाल्या, “छान झालेत. पण ऊन याने थांबायचं नाही, बघ.” त्यांच्या लहानपणी दारांना वाळ्याच्या ताट्या लावायचे, दुपारभर त्यांवर पाणी मारायचे. आत गारवा आणि वास. “ताटी बाहेरून असायची,” हे त्या दोनदा म्हणाल्या. मी तेव्हा हं हं केलं.

१९ एप्रिल, शुक्रवार

मतदानाची सुट्टी. सकाळी सातला मत देऊन आले आणि दिवसभर ब्लॅकआउट शिवलं.

हे कापड वेगळ्याच स्वभावाचं आहे. लेपाच्या बाजूने मशीनचा पाय चिकटतो, कापड पुढे सरकत नाही, टाके एकावर एक बसतात. खाली-वर बटर पेपरची पट्टी ठेवून शिवलं आणि नंतर कागद फाडून काढला, तेव्हा जमलं. सुई १६ नंबरची, टाका लांब. टाचण्या लावायच्या नाहीत, कपडे वाळवायचे चिमटे लावायचे. एकदा पडलेलं भोक बुजत नाही. मी एक शिलाई उसवली, तर अंधाऱ्या खोलीत तिथे चांदण्यांची ओळ दिसते. अजून आहे. झोप न येता पडलं की मोजते.

इस्त्री लावू नका. मी लावली. लेप इस्त्रीला चिकटला आणि पडद्यावर इस्त्रीच्या टोकाएवढा त्रिकोण राहिला. आता तो खाली कोपऱ्यात, पलंगामागे.

पडदे लागल्यावर खोली अंधारी झाली, पण कडेने उन्हाची एक उभी काठी आत येतच होती. रॉड भिंतीपासून तीन इंच पुढे असतो, फट तिथली. भिंतीत एक छोटा हूक ठोकला आणि पडद्याच्या कडेला मागून कापडी फास शिवला. अडकवलं की फट बंद. खर्च जवळपास शून्य.

२८ एप्रिल, रविवार

कूलर लावून आठवडा झाला. पडद्यांची खरी परीक्षा आत्ता सुरू झाली, आणि दोन खोल्या नापास झाल्या.

आमच्या खोलीत कूलर खिडकीच्या डाव्या अर्ध्यात. तिथला पडदा बाजूला बांधून ठेवला होता. आठ दिवसांत त्याची कड कायम दमट, हात लावला तर थंड, आणि कुबट वास. लेपाचं कापड ओलं झालं की दोन्हीकडून वाळत नाही.

दुसरी गोष्ट समजायला जास्त वेळ लागला. लेक रोज सकाळी म्हणायची, कूलर असून घाम येतो, चिकचिक होते. पंप पाहिला, वाळ्याचं पॅड पाहिलं, पाणी पाहिलं, सगळं बरोबर. काल रात्री दीडला तिच्या खोलीत गेले तर ब्लॅकआउटचा पडदा खिडकीच्या जाळीला सपाट चिकटलेला, जाळीची नक्षी त्यावर उमटलेली. हाताने ओढला तर सोडेना. सोडला की पुन्हा थप्प. कूलर बाहेरची हवा आत ढकलतो, ती आमच्या खोलीतून पॅसेजमधून तिच्या खिडकीने बाहेर जाते. जाड पडद्याने बाटलीला बूच बसावं तशी ती वाट बंद केली होती. ओलावा घरातच फिरत होता.

१२ मे, रविवार

दुरुस्त्या झाल्या.

लेकीच्या खोलीतलं ब्लॅकआउट उतरवलं. त्याजागी जाळीदार विणीचं पातळ सुती, १४० रुपये मीटर, साडेसहा मीटर, ९१० रुपये. या वेळी आधी बादली, मग कात्री. कड्या जुन्याच उचकटून वापरल्या, बकरम नवं लागलं (आतापर्यंत सगळं मिळून १५ मीटर, ३०० रुपये). हा पडदा वाऱ्याने जाळीला लागतो, पण हवा त्यातून पार होते. तरी झोपताना एका टोकाला हातभर फट ठेवतो.

आमच्या खोलीतला डावा पाट उन्हाळ्यापुरता काढूनच ठेवला. कूलरच्या तोंडाच्या वरच्या काचेला तेवढीच आखूड झालर केली, उरलेल्या मरूनमधून. त्या १,४०० रुपयांचं कापड आता जवळपास संपलं.

२६ मे, रविवार

कालपासून नवतपा, उन्हाळ्यातले सगळ्यांत तापलेले नऊ दिवस. हॉलमध्ये दुपारी चारला पडदा ओढलेला असतो, अंधार असतो, आणि तरी पडद्यासमोर उभं राहिलं की गालाला धग लागते. पडद्यामागे हात घातला तर तवा. सासूबाईंचं ‘बाहेरून’ आत्ता डोक्यात शिरलं. ऊन काचेतून आत आलं की आलं. आतला पडदा ते अडवतो, पण तापतो तो घरातच.

बुरूडाकडून बांबूचा चिकाचा पडदा मापाने करून घेतला, साडेसहा बाय पाच फूट, ४० रुपये चौरस फुटाने १,३००, दोरी-गरगडी १५०. हॉलच्या खिडकीला बाहेर आलेली लोखंडी जाळी आहे, तिच्या आत आणि काचेच्या बाहेर तो टांगला. दुसऱ्या मजल्यावर स्वतः वाकण्याचं धाडस केलं नाही, लावणाऱ्याला ३०० दिले. सोसायटीत कुणीतरी विचारलं, समोरून वेगळं दिसतं. खालच्या मजल्यावरची हिरवी जाळी चालते तर हेही चालेल, म्हटलं.

३१ मे, शुक्रवार

काल रामदासपेठेतल्या स्वयंचलित केंद्रावर ५६ अंश नोंदले गेल्याची बातमी दिवसभर फिरली. मुंबईहून नणंदेचा फोन, जिवंत आहात ना. सेन्सरचा बिघाड होता, दुसरी काही केंद्रं ४४ च्या आसपास दाखवत होती. ४४ सुद्धा काही कमी नाहीत म्हणा.

माझा थर्मामीटर साधा भिंतीवरचा, तेव्हा आकड्यांवर फार जाऊ नका. पण हॉलमध्ये त्याच खिळ्यावर चार वाजता आधी ३९ असायचे, बांबू खाली सोडल्यापासून ३६-३७ असतात. बाहेर जवळपास तेवढंच ऊन असताना. पडद्यामागचा तवाही गेला. बांबू आधी केला असता तर हॉलला इतकं जाड कापड लागलंच नसतं.

१६ जून, रविवार

पहिल्या वादळी पावसात चीक जाळीवर रात्रभर आपटली, एका बाजूची दोरी तुटली. आता आभाळ आलं की गुंडाळून वर बांधते. ओली राहिली तर बांबूवर बुरशी धरते, म्हणून पावसाळ्यात ती माळ्यावर जाईल.

एकूण खर्च १२,७९५ रुपये. सुरुवातीला एका दुकानाने शिवून, लावून १९,५०० सांगितले होते. वाचले खरे, पण त्यात चार महिन्यांचे शनिवार-रविवार धरलेले नाहीत.

लेकीच्या खोलीचं चार मीटर ब्लॅकआउट कपाटात पडून आहे. बाल्कनीच्या सरकत्या दाराला अजून जुनी चादर आहे, तिथे अस्तर म्हणून ते लागेल. आज दारावर हातोडीच्या दांड्याने ठोकून पाहिलं. लिंटेल इथे नऊ इंच आहे.